कानामागचं पीठ

आमच्या गल्लीत म्हातारे नव्हते. म्हाताऱ्या होत्या, चिक्कार होत्या, दर दुसऱ्या उंबऱ्यात एक बसलेली असायची आणि येता-जाता आमच्यावर खेकसायची. पण पांढऱ्या केसांचा, काठी टेकत चालणारा पुरुष मी पहिल्यांदा पाहिला तो बाजारात. "ह्यांचे केस असे का झाले रे?" मी दादाला विचारलं. दादा म्हणाला, "ते पण चकतीवर बसत असतील." मला लगेच पटलं. मी सहा वर्षांची होते आणि दादा नऊ, म्हणजे माझ्या लेखी त्याच्याइतकं शहाणं जगात कुणी नव्हतं.

चकतीवर बसणं म्हणजे पाटीवरच्या पेन्सिली कापणं. लहान मुलं पाटीवर गिरवतात ती करडी पेन्सिल आमच्या गल्लीत व्हायची. दगडाच्या पातळ लाद्या यायच्या. शेडमध्ये पुरुष ओळीने मांडी घालून बसायचे, प्रत्येकापुढे एक गरगर फिरणारी लोखंडी चकती, आणि हाताने लादी तिच्यावर सरकवत न्यायची. लादीतून पेन्सिली निघायच्या आणि पीठ निघायचं. पेन्सिली मोजक्या, पीठ पोतंभर. पीठ हा आमचाच शब्द. दगडाच्या त्या पांढऱ्या भुकटीला गल्लीत कुणी धूळ म्हणत नसे. धूळ म्हणजे बाहेरची, परकी. पीठ घरचं. ते पत्र्यांवर असायचं, दोरीवरच्या कपड्यांवर असायचं, आणि गल्लीतल्या कुत्र्याचा खरा रंग कुणी त्याच्यावर बादली फेकली तरच कळायचा.

हे सगळं मी माझ्या भाच्याला, टिल्लूला, दर रविवारी फोनवर सांगत आले. तो चार वर्षांचा होता तेव्हापासून. लग्न होऊन मी लांबच्या शहरात गेले. तिथे नवऱ्याचं पंपाच्या जळलेल्या मोटारी नव्या तारेने भरून द्यायचं दुकान आहे, मी शाळेचे गणवेश शिवते, आमचं बरं चाललंय. पण दुपारी मशिनवर एकटी बसले की मन पळायचं ते गल्लीतच. दुरून डोंगर साजरे म्हणतात. मी दूर बसून डोंगर सजवत होते आणि पोराला दाखवत होते.

त्याची सगळ्यात लाडकी गोष्ट 'म्हातारा-म्हातारा'ची. शेडमागे पिठाचा ढीग असायचा, आमच्या छातीएवढा. ते पीठ डोक्यावर ओतायचं, भुवयांना चोळायचं, कमरेत वाकायचं की झाला म्हातारा. मग सगळ्या म्हाताऱ्यांनी ढिगाभोवती गोल फिरायचं आणि कुणीतरी मूठ मूठ पीठ वर उधळायचं. नियम एकच, खोकला तो मेला. मेलेल्याने ढिगावर उताणं पडायचं, हसायचं नाही. शेवटी जो उरेल तो खरा म्हातारा. दादा नेहमी उरायचा. तो अंगठा मुठीत घट्ट दाबून धरायचा, मानेच्या शिरा तट्ट फुगायच्या, डोळ्यांतून पाणी यायचं, पण खोकायचा म्हणून नाही. आम्ही सगळे मरून पडलेलो असायचो आणि दादा एकटा काठी टेकत आमच्याभोवती फिरायचा. "अरे कार्ट्यांनो, उठा, शाळेला उशीर होतोय!" मग मेलेलेसुद्धा हसून हसून उठून बसायचे.

दुसरी गोष्ट तपासणीची. प्रत्येक चकतीवर पाण्याचा बारीक पाइप बसवलेला होता. पाणी पडत राहिलं की पीठ उडत नाही, तिथल्या तिथे बसतं. पण ओल्या लादीवर हात जपून चालवावा लागतो, पेन्सिली एकमेकींना चिकटतात, त्या वाळवत घालाव्या लागतात, आणि मजुरी तर जितक्या पेन्सिली तितकीच. म्हणून ते पाइप मागे दुमडून तारेने बांधून ठेवलेले असायचे. मालकाने नव्हते बांधले. आमच्याच बापांनी बांधले होते, आणि माझ्या बाबांचा त्यात पुढाकार, कारण तारेला पीळ द्यावा तर त्यांनीच. साहेब तपासणीला येणार अशी कुणकुण लागली की तेवढ्या दिवसापुरत्या तारा सुटायच्या. साहेब वही बंद करून गेले की आम्ही पोरं शेडमध्ये घुसायचो आणि त्या पाण्याखाली उड्या मारायचो. बाप लोक बिड्या ओढत, हसत बघत उभे राहायचे. बाबा मला पाण्याखाली उचलून धरायचे. मग मला खाली ठेवून ते एकेक पाइप परत बांधायचे.

मी खोटं सांगत नव्हते. मजा होतीच. फक्त अर्धी गोष्ट सांगत होते, आणि एक तर मुळीच सांगत नव्हते.

बाबा खोकून खोकून गेले तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते आणि मी आठ. त्यांना पोचवून आल्यावर चौथ्या दिवशी मुकादम दारात आला. गल्लीचा नियम होता की गेलेल्याची जागा पंधरा दिवस राखून ठेवायची. घरातला कुणी बसला तर जागा घराची, नाहीतर दुसऱ्याची. आईने त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, "जागा द्या कुणालाही. माझा पोरगा बसणार नाही."

"पोटाचं काय करणार, वहिनी?"

"मी पेन्सिली बांधीन."

आणि तिने बांधल्या. तिच्या मुठीत एका वेळी बरोबर पन्नास पेन्सिली यायच्या, एक कमी नाही, एक जास्त नाही. आम्हाला ढिगाकडे फिरकायची बंदी झाली. रोज संध्याकाळी आई आम्हाला दिव्याखाली उभं करायची आणि कानामागे बोट फिरवून बघायची. अंग घासून निघतं, केस धुऊन निघतात, पण तासभर शेडमध्ये बसलेल्या माणसाच्या कानामागच्या घडीत पीठ राहतंच. गल्लीतल्या बायका त्यावरून नवऱ्यांची थट्टा करायच्या. आईने त्याची परीक्षा केली. आणि तिचं बोट दोन वर्षांत एकदाही पांढरं आलं नाही, कारण तिच्या आधी दादाचे कान मी बघायचे.

दादा बाराचा झाला आणि शाळा सुटल्यावर शेडमध्ये जायला लागला. पोटासाठी नाही, हौसेने. चकतीचा आवाज त्याला ओढायचा, आणि बाबांच्या बरोबरीचे लोक "या मिस्त्री" म्हणून सरकून त्याला जागा द्यायचे. बाप नसलेल्या पोराला आणखी काय हवं? नळावर अंग धुऊन येताना तो मला गल्लीच्या वळणावर गाठायचा आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचा. मी फ्रॉकचं टोक थुंकीने ओलं करायचे आणि त्याचे दोन्ही कान मागून पुसून काढायचे. "आईला सांगू नकोस हं." मी मान हलवायचे. त्याचं एवढं मोठं गुपित माझ्या फ्रॉकच्या टोकात होतं. खरं सांगते, माझ्या लहानपणातला सगळ्यात सुखाचा क्षण कुठला म्हणून कुणी विचारलं तर मला तेच आठवतं. म्हणूनच त्याबद्दल मी टिल्लूला कधी बोलले नाही.

दोन वर्षांनी मुकादमाने घोळ केला. तो आईला शाबासकी द्यायला घरी आला. "वहिनी, पोरगा बापाच्या वरताण हात चालवतोय!" आईने आधी दादाकडे बघितलं. मग खाली वाकून माझ्या फ्रॉकचं टोक धरलं, उलटसुलट करून बघितलं. "मी हे दर आठवड्याला घासत होते," ती म्हणाली. "मला वाटायचं, पोरगी चोरून ढिगावर लोळते." मी मार खायला तयार होते. तिने मारलं नाही. नुसतं म्हणाली, "पुसायला बरी शिकलीस. सांगायला शिकली असतीस तर."

त्यानंतर तिने आमचे कान कधी बघितले नाहीत. दादा चौदाव्या वर्षी राजरोस चकतीवर बसला.

मागच्या महिन्यात दादाचा फोन आला. फोन नेहमी मी करायचे, त्याने करायची ही पहिलीच वेळ. दोन शब्दांच्या मध्ये तो इतका थांबत होता की मला वाटलं फोन कटला. "टिल्लूला घेऊन जा," तो म्हणाला. "तो बसायच्या आत."

मी गणवेशाच्या दोन ऑर्डरी तशाच टाकून निघाले. नवऱ्याने तर आधीच माळ्यावरची खाट खाली काढली. "कामाला लावीन त्याला माझ्या हाताखाली," तो म्हणाला. "तार गुंडाळायला बोटं चांगली लागतात, तुमच्या घराण्यात ती आहेतच."

गल्ली तशीच होती. उंबऱ्यात बसलेल्या बायका आता माझ्या वयाच्या होत्या, एवढाच फरक. त्यातल्या एकीबरोबर मी ढिगावर मरून पडायचे. तिने मला हात केला आणि दोन बोटं दादाच्या घराकडे वळवली, म्हणजे लवकर जा.

दादा खिडकीपाशी खाटेवर बसून होता. आडवा झाला की श्वास पुरत नाही म्हणून रात्रंदिवस बसूनच. शेजारी ऑक्सिजनचं नळकांडं, नाकात नळी. शर्ट त्याच्या अंगावर होता म्हणण्यापेक्षा तो शर्टाच्या आत कुठेतरी होता. बेचाळीस वर्षांचा माझा भाऊ. मी येताना घोकून आले होते की रडायचं नाही, आणि दारातच रडले.

"आली का... रडूबाई," दादा म्हणाला. "मी अजून आहे. जरा दम धर." मग त्यालाच दम लागला.

वहिनीने मला चहा दिला. ती बोलत नव्हती. एरवी मी आले की तिचं तोंड बंद होत नसे. घरात पेन्सिलींचे खोके भिंतीला लावून रचलेले होते, आईच्या वेळी होते तसेच. दादाची जागा सध्या एक बदली माणूस चालवतो, आणि टिल्लू सायकलच्या दुकानात लागलाय, असं दादाने मला सांगितलं. सांगताना त्याच्या चेहऱ्यावर एवढं समाधान होतं की मी सायकलचं दुकान कुठलं तेही विचारलं नाही.

"एकच काम केलं मी आयुष्यात," तो म्हणाला. "त्याला बसू नाही दिलं. आई जे... करायला गेली ते मी केलं."

वहिनी उठून खोके नीट लावायला लागली. ते नीटच होते.

दिवेलागणीला टिल्लू आला. नाव टिल्लू आणि दारातून येताना मान वाकवावी लागते एवढा उंच. केस ओले, खांद्यावर टॉवेल. "आत्या!" म्हणत त्याने मला उचललीच. साबणाचा वास येत होता.

"बॅग भर," मी म्हटलं. "उद्या सकाळच्या गाडीने निघायचं."

"मी नाही येणार."

"का बरं?"

"तिकडे काय आहे, आत्या? तूच सांगतेस, वरच्या मजल्यावर कोण राहतं ते तुला ठाऊक नाही. इथे सगळे आहेत. तुझ्याएवढी मजा कुणी केली नसेल लहानपणी, हे तूच म्हणायचीस ना?" तो हसला. "ढीग आहे अजून. तपासणीच्या दिवशी पाणी पण सोडतात. मी लहान असताना तू सांगितलंस म्हणून नाचून आलो होतो."

कुणीतरी सणसणीत कानाखाली वाजवावी तसं मला झालं. तेरा वर्षं दर रविवारी मी त्या पोराला इथे बांधून घालत होते, आणि माझी गाठ बाबांसारखी पक्की बसली होती.

"मजा होती," मी म्हटलं. "पण ढिगावर जे मरून पडायचे त्यांचं पुढचं सांगायचं राहिलं. नाकतोड्या आठवतो तुला? सगळ्यात आधी खोकायचा तो?"

"हो. डावातून पहिला बाद."

"खराच पहिला गेला. तिशीसुद्धा नाही गाठली. मग ते जुळे, दोन महिन्यांच्या अंतराने. ढब्या, त्याची बायको इथून चौथ्या घरात पेन्सिली बांधते. डावात सात मुलगे होते, टिल्लू. आता हा एक राहिलाय." मी दादाकडे हात केला. दादा खाली बघत होता.

टिल्लूचं हसू गेलं. "हे कधी नाही सांगितलंस."

"नाही."

"का?"

"मला गोड तेवढंच आठवायचं होतं. माझी चूक झाली. मी तिकडे चांगली हवा खात बसले आणि तुला इथलं पीठ गोड करून विकत राहिले."

तो काही बोलणार तेवढ्यात दादाला खोकला आला. असा खोकला मी विसरले होते. आत कुणीतरी फरशी खरवडतंय असा आवाज, आणि थांबायचं नाव नाही. टिल्लू एका उडीत खाटेपाशी गेला, एक हात पाठीला, एक हात छातीला, दादाला पुढे झुकवून धरलं. सरावाचे हात होते ते. बऱ्याच वेळाने दादा शांत झाला.

"बघितलंस?" टिल्लू मला म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "आईला एकटीला बाबा धरवत नाहीत. ते असे खोकत असताना मी बॅग घेऊन निघू? कोण पोरगा निघेल, सांग ना."



दादाने डोळे मिटूनच मला जवळ बोलावलं. "कान बघ त्याचा."

"काय?"

"आई बघायची तसा. मी हिला... रोज सांगतो. ही म्हणते स्वच्छ आहे." त्याने डोळे उघडून वहिनीकडे बघितलं. "हिच्यावर माझा विश्वास आहे. पण माझा कान... रोज स्वच्छ असायचा. तू बघ."

टिल्लू जागच्या जागी ताठ झाला. मी त्याला दिव्याखाली घेतलं. तो वाकला, गुडघ्यांवर हात ठेवून, अगदी तसाच, आणि मला बोट लावायच्या आधीच कळलं. उजव्या कानामागच्या घडीतून बोट फिरवलं. पांढरं.

वहिनी हातात चहाची भांडी घेऊन तशीच उभी होती. टिल्लू वाकूनच माझ्याकडे बघत होता. ते डोळे मी ओळखत होते. आणि माझा डावा हात, सांगून कुणाला खरं वाटणार नाही, माझा डावा हात आपोआप ओढणीचं टोक शोधत होता. एवढं सोपं होतं. बोट पुसायचं, 'स्वच्छ आहे' म्हणायचं. दादाला शेवटचे काही दिवस ते समाधान मिळालं असतं. त्याच्या आयुष्यातलं एकच काम.

मी ओढणी सोडली आणि बोट दादासमोर धरलं.

त्याने ते बराच वेळ बघितलं. जणू वाचत होता.

"किती दिवस?"

"सात महिने," वहिनी म्हणाली आणि तिला हुंदका फुटला. "तुम्ही उठेनात तेव्हा मुकादम आला. जागा जाईल म्हणाला. पोरगाच म्हणाला, मी बसतो, बाबांना सांगू नकोस. मी काय करू, वन्सं? मी काय करायला हवं होतं?"

तिचा पदर आणि माझा फ्रॉक एकाच मापाचे होते.

दादा ओरडला नाही. ओरडायला श्वास लागतो. मला वाटलं की मी माझ्या हाताने त्याला मारलं. मग तो म्हणाला, "मुकादमाला बोलाव."

मुकादम आला. जुना कधीच गेला, हा त्याचा मुलगा, पंचविशीचा, कानामागे पीठ घेऊनच आलेला. दादाने त्याला समोर बसवलं. "जागा दे... कुणालाही. माझा पोरगा बसणार नाही."

"घर कसं चालेल, काका?"

दादाच्या आधी वहिनी बोलली. "मी बांधते की पेन्सिली," ती म्हणाली. "आणि वन्सं आहेत." मी मान हलवली. ह्या वेळी मान हलवताना मला लाज वाटली नाही.

मुकादम गेल्यावर टिल्लूने बादलीला लाथ घातली. "जागा घालवलीत. घालवा. मी तरी जाणार नाही. तुम्ही असे खोकत असताना नाही."

"नाही खोकणार," दादा म्हणाला.

"हे काय तुमच्या हातात आहे?"

"लहानपणी होतं," दादा म्हणाला. "आत्याला विचार."

सकाळी दादाने वहिनीकडून टॉवेल ओला करून घेतला. टिल्लूला खाटेच्या कडेला बसवलं आणि स्वतःच्या हाताने त्याचा कान मागून पुसला. आधी उजवा, मग डावा. मध्ये मध्ये हात खाली ठेवावा लागत होता. टिल्लू मान खाली घालून बसला होता आणि त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी टपकत होतं. पुसून झाल्यावर दादाने टॉवेल उलगडून बघितला, वहिनीकडे दिला. "आता जा."

टिल्लू उठेना. तो वाट बघत होता. रोज सकाळी जरा हालचाल केली की दादाला खोकल्याची उबळ यायचीच. एक मिनिट गेलं. दोन गेली. दादा खिडकीच्या गजाला पाठ लावून ताठ बसला होता आणि हसत होता.

"बरं वाटतंय, बाबा?"

दादाने मान हलवली. मी त्याच्या मांडीकडे बघितलं. उजवी मूठ पांघरुणाखाली अर्धी झाकलेली होती. अंगठा आत.

"चल," मी म्हटलं. "चल लवकर, गाडी चुकेल." गाडीला अर्धा तास होता. मी टिल्लूची बॅग उचलली आणि त्याला दाराकडे ढकललाच. दादाला मी मिठी मारली नाही, काही बोलले नाही. बोलले असते तर त्याला बोलावं लागलं असतं.

गल्लीतून जाताना टिल्लू सारखा मागे बघत होता. दादा खिडकीत दिसत होता, दुसरा हात वर केलेला. मानेच्या शिरा एवढ्या लांबून दिसत नव्हत्या, पण त्या कशा झाल्या असतील ते मला ठाऊक होतं. उंबऱ्यातल्या बायका आमच्याकडे बघत होत्या. एकीने काही विचारलं, मी थांबले नाही.

"खरंच नाही खोकले," टिल्लू म्हणाला. "एवढा वेळ! औषध लागू पडलं असेल का गं?"

"चालत राहा."

आम्ही वळण घेतलं. जिथे मी दादाचे कान पुसायचे ते वळण. गाडीचा थांबा त्याला लागूनच आहे. खिडकी दिसेनाशी झाली, मी मनात दहापर्यंत आकडे म्हणायला सुरुवात केली, आणि चारला आवाज आला. एवढा वेळ दाबून धरलेला खोकला, सगळा एकदम.

टिल्लूच्या हातातली पिशवी पडली. तो मागे वळला. मी त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"सोड, आत्या!"

"नाही."

"त्यांना धरायला कुणी नाही तिथे! आईला जमत नाही!"

"तो डाव खेळत होता, टिल्लू. खोकला तो मेला. तू जावंस म्हणून तो थांबला होता. आता तू मागे गेलास तर पुन्हा एवढा वेळ त्याला थांबता येणार नाही. कधीच येणार नाही."

तो माझ्यापेक्षा दुप्पट ताकदीचा होता. एका झटक्यात हात सोडवून घेतला असता. त्याने नाही सोडवला. गुडघ्यांवर हात ठेवून तो रस्त्यातच वाकून उभा राहिला, आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. त्याचे दोन्ही कान माझ्यासमोर होते, घासून लाल झालेले. गाडीला अजून वीस मिनिटं होती. ती वीस मिनिटं आम्ही दोघांनी तिथे उभं राहून ऐकली.

आठ वाजता शेड सुरू झाली. एकेक करत सगळ्या चकत्या फिरायला लागल्या, आणि त्या आवाजात खोकला ऐकू येईनासा झाला. थांबला की बुडाला, ते आम्हाला कळलं नाही. गाडी आली तेव्हा टिल्लू माझ्या आधी चढला.